डोंगरमाथ्यावरील पाणथळ : निसर्गपरिचयाचा एक पाठ

पूर्णा तालुक्यातील विद्यार्थी काळ्या, सपाट भूमीत वाढतो. पाणी सखल जागी साचते, हा त्याचा नित्याचा अनुभव. डोंगरमाथ्यावरही पाणथळ असते, असे सांगताच त्यास नवल वाटते. हे नवल हाच या पाठाचा आरंभ होय.

उदाहरणादाखल साताऱ्याजवळील कास पठार घ्यावे. यवतेश्वराचा घाट चढताना मागे सातारा शहर व अजिंक्यतारा दिसतात. पुढे उरमोडीचे खोरे व सज्जनगड दृष्टीस पडतात. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर हे पठार आहे. तेथून कुमुदिनी तळ्याकडे पायवाट जाते. पावसाळ्यात या वाटेच्या दोन्ही बाजूंस भूमी पाण्याने भरलेली असते.

याचे कारण काय? माथा सपाट असल्याने पाणी वेगाने वाहून जात नाही. मातीचा थर काही ठिकाणी बोटभरच असून त्याखालील कठीण जांभ्यातून पाणी सहजी झिरपत नाही. या मातीत नत्र अल्प असते. म्हणून दवबिंदू ही वनस्पती चिकट केसांनी कीटक पकडते, तर सीतेची आसवे ही वनस्पती सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव ओढून घेते.

स्कॉटलंडच्या थंड, सदैव ओल्या माळांवर मृत वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. त्यांचा जाड थर साचतो. कास येथे उन्हाळ्यात सर्व शुष्क होते, म्हणून तसा थर साचत नाही.

कृती : तळाशी छिद्रे असलेल्या दोन डब्यांत अनुक्रमे वाळू व दाबलेली काळी माती भरावी. शेजारी खोलगट दगडावर मातीचा पातळ थर द्यावा. तिन्हींवर सारखे पाणी ओतून ते कोठे किती वेळ थांबते, हे मुलांनी वहीत नोंदवावे. उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये. पाणी थांबणे हे उंचीवर नव्हे, तर उतारावर व खालच्या थरावर अवलंबून असते, हा निष्कर्ष मुलांनीच काढावा.

सन २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत कास आहे. सहल नेल्यास पायवाट सोडू देऊ नये. बोटभर मातीवर उमटलेले पाऊल त्या मातीतील बियांना व मुळांना इजा करते. ही गोष्ट निघण्यापूर्वीच वर्गात समजावून द्यावी.