दूधगंगेचं चित्र पाहून

चिकोडी

चि. बाळ,


सदलग्याजवळच्या दूधगंगेचं तुझं चित्र तुझ्या आईनं दाखवलं. पाणी छान उतरलंय. आभाळाचा ओला वॉश सुकेपर्यंत त्याला हात लावला नाहीस, हे फार चांगलं केलंस. पुष्कळांचं चित्र तिथंच गढूळ होतं.

पण काठावर नारळ आणि लाल कौलांचं घर कुठून आलं गं? त्या वळणावर बाभळी आहेत, उसाचा फड आहे आणि पाण्याच्या मोटारीचं पत्र्याचं खोपटं आहे. ते खोपटं तू गाळलंस, याचं मला वाईट वाटलं. ते नारळ चित्रकलेच्या व्हिडिओतले असणार. व्हिडिओ बघून हात वळतो हे खरं, पण डोळा तिथं तयार होत नाही.

हिरव्याचंही तसंच. ट्यूबमधला तयार हिरवा तू सगळीकडे फिरवलास. आपल्याकडचा ऊस थंडीत निळसर दिसतो, खाली पाचटाचा फिका पिवळा, वर तुऱ्यांची रुपेरी झाक. तंबाखूचं पान जड, त्याचा हिरवा दबलेला. अल्ट्रामरीनमध्ये यलो ऑकर कमीजास्त करून बघ, दोन्ही सापडतील. काळ्या रानासाठी काळा रंग घेऊच नकोस, तो कागदावर मेल्यासारखा पडतो. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ओल्यातच भेटू दे. नांगरलेल्या ढेकळांत जो निळा-तांबूस रंग दिसतो, तो त्यातूनच येतो. आणि पांढरा रंग डब्यातून काढूनच टाक. पाण्यावरची चकाकी म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो कुठं सोडायचा हे ब्रश भिजवण्याआधी ठरवावं लागतं. एकदा रंग चढला की तो उजेड परत मिळत नाही.

कोल्हापूरला गेलीस की टाऊन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रं बघ. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून हा माणूस कोल्हापूरला परतला, शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार झाला आणि 1931 साली वारला. एवढी तयारी असून त्यांनी चित्रं काढली ती तिथल्याच कोटितीर्थाची, रंकाळ्याची, संध्यामठाची. पुन्हा पुन्हा त्याच जागी बसले. मला त्यांच्या हातापेक्षा ही चिकाटी मोठी वाटते. तेच पाणी सकाळी वेगळं असतं, पाऊस पडून गेल्यावर वेगळं, हे त्यांना बसून बसून कळलं असणार. आणि बेळगावात तर चित्रकार के. बी. कुलकर्णींचं चित्रमंदिर होतं. चित्रकार रवी परांजपे तिथं शिकले. तेव्हा आपल्या भागात चित्रकला नाही, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

वर्षभर दूधगंगेचं ते एकच वळण काढ. श्रावणात पाणी तांबडं असेल आणि दमट हवेत कागद लवकर सुकणार नाही, तेव्हा घाई करू नकोस. चैत्रात उलट; रंग पसरायच्या आत वाळतो, म्हणून कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घे. चित्रं लहान काढ, पण कागद जाड घे, सुती. पैशाची काळजी करू नकोस, ते मी बघतो.

अक्कोळकडे तंबाखूची कापणी सुरू झालीय. कापलेली झाडं रानातच वाळत पडलीत, हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तपकिरी होतोय. माल गोळा व्हायच्या आत या रविवारी ये. निपाणीच्या स्टँडवर मी गाडी घेऊन थांबतो.

तुझा,
मामा