जठराचा कर्करोग : जनुके, जंतू आणि घराणे

घरात कोणास जठराचा कर्करोग झाला असेल, तर ‘हा रोग मुलांकडे येईल काय?’ असा प्रश्न पालक बालरोगतज्ज्ञालाही विचारतात. उत्तर देताना जनुके व जंतू या दोहोंचा विचार करावा लागतो.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बहुधा बालपणीच, घरातील निकट सहवासातून जठरात शिरतो आणि उपचार न झाल्यास वर्षानुवर्षे तेथेच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्यास कर्ककारक ठरविले. तथापि संसर्ग झालेल्यांपैकी थोड्यांनाच कर्करोग होतो. भारतात हा संसर्ग सर्रास आढळतो. पण जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मिझोरममध्ये फार अधिक, तर बहुतेक भागांत कमी आहे. आहार, तंबाखू आणि जंतूचा प्रकार यांबरोबरच जनुकीय भेदांचाही येथे विचार करावा लागतो.

सीडीएच-१ या जनुकातील दोष दुर्मिळ, पण प्रबळ असतो. तो १९९८ साली न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांत उघडकीस आला. जपानमधील २०२३ च्या अभ्यासात असे दिसले, की बीआरसीए गटातील जनुकांत दोष असून शिवाय जंतुसंसर्ग असल्यास ८५ वर्षांपर्यंत जठराच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ४५ टक्के असते. केवळ संसर्ग असल्यास ती १४ टक्के असते.

हे आकडे आपणांस जसेच्या तसे लावता येत नाहीत. बहुतेक भारतीय समाज दोन प्राचीन समूहांच्या निरनिराळ्या प्रमाणांतील मिश्रणातून घडले, असे हैदराबादच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनाने २००९ साली दाखविले. त्यावर शतकानुशतकांच्या जातीअंतर्गत विवाहांचा थर आहे. भोपाळमधील मराठी घरे विदर्भ, खानदेश, माळवा, ग्वाल्हेर अशा अनेक ठिकाणांहून आलेली असून आता अन्यभाषक सोयरिकीही जुळतात. तेव्हा ‘मराठी माणसाचा धोका’ असा एकच आकडा सांगता येणार नाही. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर येथे सुरू झालेली कर्करोग नोंदणी रुग्ण मोजते. जीनोम इंडिया प्रकल्पाने २०२५ साली सुमारे १०,००० निरोगी भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना खुली केली. या दोन प्रकारच्या माहितीची सांगड घालणारे अभ्यास हवेत.

तोवर काय करावे? प्रत्येक पोटदुखीसाठी मुलांची या जंतूची तपासणी करू नये. मात्र आईवडील वा भावंडांस हा रोग झाला असल्यास प्रौढांनी तपासणी व आवश्यक ते उपचार अवश्य करून घ्यावेत. कोरियात अशा जवळच्या नातलगांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे नऊ वर्षांत उपचारितांपैकी १.२ टक्के, तर इतरांपैकी २.७ टक्के व्यक्तींना कर्करोग झाला. घराण्यात अनेकांना अथवा पन्नाशीच्या आत हा रोग झाला असल्यास जनुकीय सल्ला घ्यावा. चाचणी शक्यतो प्रथम रुग्णाचीच करावी.

प्रत्येक कुटुंबाने आई व वडील या दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांचे आजार, रोगाच्या वेळच्या वयासह, लिहून ठेवावेत. ‘पोटाचा विकार’ एवढीच नोंद पुरेशी नाही. अवयवाचे नाव लिहावे. आजी-आजोबा आहेत तोवरच ही माहिती मिळू शकते.