काष्ठमंडप : वाटसरूंच्या ओसरीवरून नाव पडलेली राजधानी

राजधानी म्हटले की सिंहासन, तट-बुरूज आणि नगारखाना डोळ्यांपुढे येतो. निदान माझ्या डोळ्यांपुढे तरी तेच येत असे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नेपाळची राजधानी काठमांडू पाहिली आणि या समजुतीला धक्का बसला. तो कसा बसला, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील यंत्रमागावर काम करतात, आजी विड्या वळते. भिशीतून साठलेल्या पैशांवर आजी यात्रा कंपनीबरोबर काशी-पशुपतिनाथाच्या यात्रेला निघाली आणि पाट्या वाचून दाखवायला तिने मला बरोबर घेतले. काशीपर्यंत रेल्वे आणि पुढे बस असा प्रवास होता. सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळात जाताना भारतीयांना पारपत्र लागत नाही, मतदार ओळखपत्र चालते. माझ्या कोऱ्या ओळखपत्राचा पहिला उपयोग असा मतदानाच्या आधी परदेशी जाण्यासाठी झाला! पलीकडे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे गेले आणि शंभर रुपयांचे एकशे साठ झाले. पण पाट्या मात्र देवनागरीतच होत्या, त्यामुळे माझी नोकरी शाबूत राहिली.

काठमांडू बर्फात असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात ते सुमारे १,४०० मीटर उंचीवरच्या, चोहोबाजूंनी डोंगर असलेल्या परातीसारख्या खोऱ्यात वसलेले आहे. या खोऱ्यात पूर्वी कांतिपूर, ललितपूर आणि भक्तपूर अशी मल्ल राजांची तीन राज्ये होती. १७६८ साली गोरखा राजा पृथ्वीनारायण शाह याने कांतिपूर, म्हणजे आजचे काठमांडू, जिंकले आणि पुढे तेथे राजधानी नेली. २००८ साली नेपाळातील राजेशाही संपली. १९७९ पासून या खोऱ्यातील वास्तू जागतिक वारसा यादीत आहेत. इथवरची माहिती कोणत्याही पुस्तकात सापडेल.

दुसऱ्या दिवशी हनुमानढोका या जुन्या राजवाड्याच्या चौकाजवळ एका तीन छपरी लाकडी इमारतीसमोर आजी थांबली. "काय लिवलंय गं?" तिने विचारले. मी वाचले, "काष्ठमण्डप."

"म्हंजे लाकडाचा मांडव. कुणाचं लगीन व्हतं?"

लग्न कुणाचेच नव्हते. हा मंडप म्हणजे वाटसरूंनी टेकावे, रात्र काढावी, गावकऱ्यांनी जमावे यासाठी बांधलेली सार्वजनिक धर्मशाळा. तिबेट आणि हिंदुस्थान यांच्यामधला व्यापारी मार्ग येथून जात असे. एकाच झाडाच्या लाकडातून हा सारा मंडप उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. याच काष्ठमंडपावरून शहराचे नाव काठमांडू पडले. राजाच्या वाड्यावरून नव्हे, पशुपतिनाथाच्या देवळावरूनही नव्हे, तर वाटसरूंच्या ओसरीवरून! या शहरात रस्त्याच्या कडेला अशा लहान उघड्या ओसऱ्याही पुष्कळ आहेत. गंमत म्हणजे त्यांना तेथे 'पाटी' म्हणतात. अशा वास्तूंसाठी जमिनी राखून ठेवीत आणि त्यांच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, डागडुजी आणि जत्रा चालवीत. या व्यवस्थेला 'गुठी' असे नाव आहे. आपल्याकडील देवस्थान इनामासारखाच हा प्रकार म्हणता येईल.

मंडपाच्या मध्यभागी गोरक्षनाथांची मूर्ती आहे. हे सांगताच आजीने चपला काढल्या. ती वारकरी. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानेश्वर, ही गुरुपरंपरा तिला पाठ आहे. वाचता येत नाही म्हणून अडत नाही. पंढरीच्या वाटेवर आपल्या जिल्ह्यात शाळांच्या व्हरांड्यांत आणि लोकांच्या ओसऱ्यांवर निजलेली ती बाई या मंडपाचा अर्थ माझ्याआधी समजली, असे मला प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

परंतु आम्ही पाहिला तो मंडप नव्याने उभारलेला होता. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या वेळी मंडपात रक्तदान शिबिर चालू होते. मंडप कोसळला आणि आतील काही माणसे दगावली. हे ऐकून आजीला ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवली. त्या दिवशी सोलापुरातही लोक घराबाहेर धावले होते.

पुढे पुरातत्त्वज्ञांनी खाली उत्खनन केले, तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली अशी की, मंडपाचा पाया समजुतीपेक्षा फार जुना, सातव्या शतकातला निघाला आणि तो शाबूत होता. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मधल्या चार मोठ्या खांबांपैकी एकाखाली बैठकीचा दगडच नव्हता. मागच्या दुरुस्तीत वर फरशी घातली गेली आणि ही उणीव तिच्याखाली झाकली गेली. पाया पक्का होता, खांबही मोठे होते. पण एका खांबाखालचा दगड कोणी पाहिलाच नाही. पुनर्बांधणीचे काम ठेकेदाराकडे जाऊ लागले तेव्हा नागरिकांनी विरोध केला. मग स्थानिक लोकांच्या सहभागाने, लाकूड, विटा आणि माती यांच्या जुन्याच पद्धतीने २०२२ साली मंडप पूर्ण झाला.

या शहराने आपल्या मराठी माणसांनाही आसरा दिला आहे. १८५७ च्या उठावानंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले. राणा जंगबहादूर याने तर इंग्रजांच्या मदतीला लखनौवर फौज नेली होती. तरीही नानासाहेबांची पत्नी काशीबाई आणि घराण्यातील इतर स्त्रियांना त्याने काठमांडूच्या थापाथळी भागात राहू दिले. अवधची बेगम हजरत महल हीही येथेच राहिली, १८७९ साली वारली आणि येथेच तिची कबर आहे. आसरा देणाऱ्याचे हात अगदी स्वच्छ असतातच असे नाही, हेही इतिहास शिकवतो. पण ज्याला आसरा मिळतो, त्याची रात्र निभावते.

परतताना आमच्या गल्लीत रात्री शिट्टी वाजवीत फिरणाऱ्या गुरख्यासाठी मी पशुपतिनाथाचा प्रसाद आणला. आम्ही सारे त्याला 'बहादूर' म्हणत असू. त्याने प्रसाद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मी मोठ्या उत्साहाने काठमांडूचे वर्णन करू लागले. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला की, त्याने काठमांडू कधी पाहिलेलेच नाही. त्याचे गाव नेपाळच्या पश्चिम टोकाला. तेथून पोटासाठी जे लोक निघतात ते थेट हिंदुस्थानात उतरतात. त्यांच्या वाटेत राजधानी येत नाही.

मला फार ओशाळल्यासारखे झाले. त्याच्या देशाची सनावळी मी पाठ करून आले होते आणि इतक्या वर्षांत त्याचे नाव मात्र विचारले नव्हते. आजी आतून चहाची कपबशी घेऊन आली आणि तिने पहिला प्रश्न तोच केला, "नाव काय रं बाबा तुजं?"

त्याने सांगितले. ते येथे छापत नाही, कारण त्याची परवानगी घेतलेली नाही. पण आता आमच्या घरातून त्याला त्याच नावाने हाक जाते आणि पहाटे फेरी संपली की तो आमच्या ओसरीवर घटकाभर टेकतो.

(बी. ए. भाग दोन)