अफूचा व्यापार आणि लोकमताचे बळ

दरवर्षी २६ जून हा दिवस जगभर अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८७ साली तो ठरविला. शाळांतून त्या दिवशी प्रभातफेऱ्या निघतात, शपथा होतात. मात्र या लढ्याच्या पूर्वेतिहासाशी आपल्या मुंबई बंदराचाही संबंध आहे, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते.

एकोणिसाव्या शतकात माळव्यात पिकलेली अफू मुंबईहून जहाजांत भरून चीनला जात असे. चीनमध्ये तिला बंदी होती. १८३९ साली लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त केल्या आणि ती अफू मीठ व चुना घातलेल्या पाण्यात विरघळवून समुद्रात सोडून दिली. उत्तरादाखल ब्रिटिश आरमार आले. युद्धात चीन हरला, व्यापार चालूच राहिला. माल पाठविणारेच विरोधात असतील तर एकट्या देशाची बंदी किती दुबळी ठरते, याचे याहून कठोर उदाहरण सापडणे कठीण.

मग तो थांबला कसा? १८७४ साली खुद्द इंग्लंडमध्ये अफूच्या व्यापाराविरुद्ध एक संस्था उभी राहिली. तिने सभा घेतल्या, पत्रके छापली, पार्लमेंटकडे अर्ज केले. १८९३ साली नेमलेल्या शाही आयोगाने अफूचीच बाजू उचलून धरली. तरीही चळवळ विझली नाही. अखेर भारतातून होणारी निर्यात दरवर्षी एक दशांशाने घटवावी आणि चीननेही आपली लागवड कमी करावी, असे १९०७ साली ठरले. दहा वर्षांची मुदत पुरी होण्याआधीच हा व्यापार बंद पडला. दरम्यान १९०९ साली शांघाय येथे तेरा देश एकत्र बसले व १९१२ साली हेग येथे पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. पुढचे १९६१ व १९८८ चे करार त्याच वाटेवरचे.

आपला अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्यातील शिक्षा सर्वांना ऐकून माहीत असतात, कलम ६४-अ मात्र कोणी सांगत नाही. व्यसनाधीन व्यक्तीवर केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करील, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. पाचवे शील आपल्या मुलांना पाठ असते. त्याच्या जोडीला हे कलमही पालक सभेत वाचले जावे. मुलगा व्यसनात सापडला की घर आधी ते लपवते आणि लपविण्यातच उपचाराची वेळ निघून जाते. केंद्र शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक अशाच घरांसाठी आहे.