पुंज-संपीडकातील प्रारण आणि इलेक्ट्रॉन-झोताचा कस

जबलपूरच्या सराफ्यात दागिना मोडीस आला म्हणजे त्याचे वजन आणि सोन्याचा कस या दोन गोष्टी निरनिराळ्या पाहिल्या जातात. कणवेगवर्धकातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन-झोताची परीक्षाही अशीच दुहेरी असते. झोतात इलेक्ट्रॉन किती आहेत, हे त्याचे वजन. ते किती सारख्या ऊर्जेने आणि किती समांतर दिशांनी धावत आहेत, हा त्याचा कस होय. वजन कायम राहूनही कस उतरू शकतो, आणि तो उतरविणारी वस्तू बाहेरची नसून झोताने स्वतःच फेकलेला प्रकाश असतो.

वेगवान इलेक्ट्रॉनाला चुंबकाने वळविले की तो प्रारण उत्सर्जित करतो. १९४७ साली अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील सिंक्रोट्रॉन यंत्रात हा प्रकाश प्रथम डोळ्यांना दिसला; म्हणून त्याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. मध्य प्रदेशातच, इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ‘इंडस-१’ (१९९९) व ‘इंडस-२’ (२००५) ही दोन वर्तुळाकार यंत्रे या प्रकाशासाठीच उभारली गेली. इंडस-२ चा परीघ सुमारे १७२ मीटर आहे. त्यात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रत्येक इलेक्ट्रॉन दर फेरीला सुमारे सहा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा प्रकाशरूपाने गमावतो. ही हानी विद्युत्-क्षेत्र केवळ पुढच्या दिशेने भरून काढते; त्यामुळे कणांची तिरपी हालचाल फेरीगणिक मंदावते. तेथे प्रारण झोताला शिस्तच लावते.

क्ष-किरण लेझरच्या सरळ यंत्रात मात्र गोष्ट उलटते. तेथे क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह लागतो आणि कोणतीही इलेक्ट्रॉन-तोफ तो चांगल्या कसासह थेट देऊ शकत नाही. म्हणून लांब पुंज मागाहून दाबून आखूड करतात. सर्व इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने धावत असल्याने मागच्याला वेग देऊन पुढे आणणे शक्य नसते. वाट आखूड करावी लागते. पुंजाच्या शेपटीला डोक्यापेक्षा किंचित अधिक ऊर्जा देऊन तो चार चुंबकांच्या नागमोडी मार्गातून नेतात. अधिक ऊर्जेचा कण कमी वळतो, त्याचा रस्ता कमी पडतो आणि शेपटी डोक्याजवळ येते. हाच पुंज-संपीडक. स्टॅनफर्ड येथे २००९ साली सुरू झालेल्या क्ष-किरण लेझरमध्ये असे दोन संपीडक आहेत. मिलिमीटरच्या मापाचा पुंज त्यांतून सुमारे दहा मायक्रॉनपर्यंत येतो.

परंतु वळण आले म्हणजे प्रारण आले. पुंज लांब असताना प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापला प्रकाश फेकतो आणि प्रारणाची शक्ती इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या प्रमाणात असते. पुंज प्रारणाच्या तरंगलांबीहून आखूड झाला की सर्वांच्या लहरी एका तालात मिळतात आणि शक्ती संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुंजात शंभर कोटींहून अधिक इलेक्ट्रॉन असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या वर्गाची भीती कळते. अशा प्रारणाला कलासंगत प्रारण म्हणतात.

शिवाय पुंज कमानीवरून जातो, तर त्याचा प्रकाश जीवेवरून, सरळ. त्यामुळे शेपटीचा प्रकाश डोक्याला गाठतो. पुंजाच्या एका भागाची ऊर्जा घटते, दुसऱ्याची वाढते. हे चुंबकाच्या आतच घडत असल्याने, ऊर्जा बदललेला कण पुढे वेगळ्या प्रमाणात वळतो व ठरलेल्या रेषेवरून ढळतो. पुंजाचे निरनिराळे काप आडव्या दिशेने एकमेकांवरून सरकतात. एकेक काप चांगला असूनही सबंध पुंज विस्कटतो. वळण आडव्या पातळीत असते, म्हणून उभ्या दिशेने झोत बहुतांशी शाबूत राहतो.

अखेरच्या चुंबकात पुंज सर्वांत आखूड, म्हणून उपद्रवही तेथेच अधिक. त्या जागी झोत आडव्या दिशेने मुद्दाम अरुंद करतात. अरुंद झोतातील कणांच्या दिशा आधीच फाकलेल्या असतात. प्रारणाचा लहानसा धक्का त्यांत जाणवत नाही.

याहून चोरटा उपद्रव सूक्ष्म लहरींचा. पुंजाच्या दाटीत बारीकसा चढउतार असला, तरी त्यातून ऊर्जेचा चढउतार होतो आणि संपीडक त्याचे पुन्हा दाटीत रूपांतर करतो, पूर्वीपेक्षा मोठ्या प्रमाणावर. यावरचा उपाय विलक्षण आहे. संपीडनाआधी लेझरच्या साहाय्याने झोत थोडा ‘तापवितात’, म्हणजे कणांच्या ऊर्जांत किंचित विस्कळीतपणा मिसळतात, की लहरी पुसल्या जातात. दागिना टिकावा म्हणून चोख सोन्यात तांबे घालण्यातलाच हा प्रकार. तांब्याचे प्रमाण चुकले तर मात्र लेझर मंदावतो.

पुंज नेमका किती आखूड झाला, हे मोजण्यासही हेच कलासंगत प्रारण कामी येते. पुंज जितका आखूड तितके ते प्रखर. म्हणून संपीडकाच्या तोंडाशी त्याची तीव्रता सतत नोंदवितात आणि तिच्यावरून मागील वेगवर्धकाचे विद्युत्-क्षेत्र सावरतात.