रक्तदाबाची औषधे : कार्य आणि परस्परसंबंध

जुन्नर-आंबेगाव परिसरातील अनेक घरांत आज रक्तदाबाची गोळी नित्याची झाली आहे. परंतु ती शरीरात नेमके काय करते, याचे ज्ञान मात्र तितके पोहोचलेले नाही.

रक्तदाब मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो : हृदय दर मिनिटाला किती रक्त बाहेर ढकलते आणि सूक्ष्म धमन्या त्या प्रवाहास किती विरोध करतात. अ‍ॅम्लोडिपिन धमन्यांच्या स्नायूंत कॅल्शियमचा प्रवेश रोखते; त्यामुळे धमन्या सैलावतात. टेल्मिसार्टन हे धमन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिन या द्रव्याचा प्रभाव थोपवते. क्लोरथॅलिडोन मूत्रावाटे मीठ व पाणी बाहेर टाकते, तर मेटोप्रोलॉल हृदयाची गती आणि जोर कमी करते.

या शास्त्रात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम पन्नास रुग्णांवर अभ्यासून १९४९ साली प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार लाभला. रेसर्पिनने दाब उतरे. पण काही रुग्णांना खोल उदासीनताही येई. औषध वनस्पतीपासून मिळाले म्हणजे ते निरुपद्रवी असते, असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

दोन औषधे एकत्र येतात तेव्हा ती परस्परांना साहाय्य करतात किंवा घातही करतात. अ‍ॅम्लोडिपिनने पायांवर येणारी सूज टेल्मिसार्टनच्या जोडीने कमी होऊ शकते. याउलट, शेतातील कामाने गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक वा आयबुप्रोफेन दाब वाढवते. टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन चालू असताना तीच गोळी मूत्रपिंडे निकामी करू शकते. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी घटले असेल, तर हा धोका अधिकच वाढतो. टेल्मिसार्टन घेणाऱ्याने पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचे मीठ’ डॉक्टरांना विचारल्याविना वापरू नये. गर्भवतीने तर टेल्मिसार्टन घेऊच नये. मेटोप्रोलॉलसोबत व्हेरापामिल घेतल्यास हृदयाची गती घातक इतकी मंदावू शकते. मधुमेही व्यक्तीची साखर उतरल्यावर होणारी धडधडही मेटोप्रोलॉलमुळे झाकली जाते.

“दाब आता बरोबर आहे, मग गोळी कशाला?” हा प्रश्न वडीलधाऱ्यांकडून वारंवार ऐकू येतो. दाब बरोबर आहे तो बहुधा गोळीमुळेच! मेटोप्रोलॉल एकाएकी थांबवल्यास छातीत कळ येऊन हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस एवढीच विनंती : पुढच्या खेपेस गावी जाल, तेव्हा आई-वडिलांच्या सर्व गोळ्या, अंगदुखीच्या पुड्यांसह, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा.