पाटा, यू-बोल्ट आणि बोरघाट

आंबीच्या एमआयडीसी पट्ट्यात अवजड गाड्यांच्या अ‍ॅक्सल-सस्पेन्शनचं काम करताना पुस्तकापेक्षा तुटलेल्या भागांनीच मला जास्त शिकवलं. त्यातलं थोडं.

१. तुटलेला भाग आधी पुसू नका, वाचा. अवजड गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वजन पेलतं ते हौसिंग. आतला शाफ्ट फक्त पीळ सोसतो. म्हणून तर गाडी जॅकवर न घेताही शाफ्ट बाहेर ओढता येतो. हौसिंगच्या भेगेत एकात एक कमानी दिसल्या, तर ती भेग बरेच दिवस सरकत आली आहे. शाफ्ट आणि हौसिंग, दोघांची दुखणी वेगळी, उपायही वेगळे.

२. सेंटर बोल्ट तुटला की लोक नवा बोल्ट आणतात. मी यू-बोल्ट तपासायला सांगतो. सेंटर बोल्टचं काम पाटे एका रेषेत बसवण्याचं. अ‍ॅक्सल जागेवर धरते ती यू-बोल्टची पकड. ती सैल झाली की ब्रेकचा प्रत्येक धक्का त्या बारीक बोल्टवर येतो. नवे पाटे पहिल्या भरल्या फेरीत दबून बसतात, त्यामुळे त्या फेरीनंतर यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळलेच पाहिजेत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. याचा मला खरोखर राग येतो.

३. पाट्याजवळ वेल्डिंग नको. एक ठिणगी पडली तरी तेवढी जागा काचेसारखी ठिसूळ होते आणि भेग तिथूनच निघते.

४. रिकाम्या गाडीचाही विचार करा. भरल्यावर पाटा 100 मिलिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा डुलते. वजन चौथा हिस्सा उरलं की हाच वेग दुप्पट होतो. खडी टाकून खाणीकडे परतणारा डंपर म्हणूनच उड्या मारतो, आणि मावळातल्या पावसात त्या उड्यांमध्ये टायरची पकड सुटते. हेल्पर पाटे याचसाठी असतात: मुख्य पाटे मऊ ठेवता येतात आणि हेल्पर भार वाढल्यावरच टेकतात.

५. 2018 मध्ये चार टायरच्या एका अ‍ॅक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. वाढ तेरा टक्क्यांच्या आसपास. पण रस्त्याची झीज भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे सुमारे 1.6 पट. लोखंडाच्या थकव्याचं गणितही याच जातीचं. आधीच धावत असलेल्या गाडीचं हौसिंग अधिसूचनेने जाड होत नाही.

६. बोरघाट चढताना शाफ्टची परीक्षा, उतरताना हबची. चाळीस टनांची गाडी पाचशे मीटर खाली आली की सहाशे लिटर पाणी उकळीला आणेल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिन ब्रेक आणि खालचा गिअर वापरला नाही, तर ती बहुतेक सगळी ड्रममध्ये जाते, तिथून हबमध्ये. ग्रीस पातळ होतं, सील जातं. खाली सुरक्षित जागी थांबल्यावर प्रत्येक हबजवळ हाताची पाठ न्यावी, टेकवू नये. एकच हब जास्त तापलेला असेल, तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. एकच थंड असेल, तर त्या चाकाचा ब्रेक लागतच नाही, आणि त्याच्या वाट्याचं काम बाकीची चाकं करत आहेत.